कळांआधी पाणी गेले तर

प्रसूतीचा क्रम आपल्या मनात जणू ठरून गेलेला असतो. आधी बारीक कळा, मग त्या वाढत जाणार, मग सामानाची पिशवी आणि इस्पितळाची धावपळ, आणि अगदी शेवटी कधीतरी पाणमोट फुटून मूल बाहेर येणार. वडीलधाऱ्या बायकांनी आपापल्या बाळंतपणाच्या हकिगती सांगितलेल्या असतात त्याही याच क्रमाने, आणि बहुतेक बाळंतपणे होतातही तशीच. परंतु दिवस भरलेल्या शंभर गर्भवतींपैकी सुमारे आठ जणींच्या बाबतीत हा क्रम उलटतो. पोटात एकही कळ नसते, आणि रात्री कूस बदलताना, न्हाणीघरातून बाहेर येताना किंवा ओट्यापाशी उभे असताना एकाएकी अंगावरून पाणी जाते.

अशा वेळी काही घरांत सर्वांच्याच तोंडचे पाणी पळते. कोणी रिक्षा आणायला धावतो, कोणी देवापाशी दिवा लावते आणि पहिलटकरीण बिचारी रडू लागते. पण माझ्या मते या घाबरणाऱ्या घरांपेक्षा न घाबरणारी घरे अधिक काळजीची आहेत. तिथे अनुभवी आत्याबाई किंवा सासूबाई शांतपणे म्हणतात, "अगं, अजून कळा कुठे आल्यात? सकाळ होऊ दे, मग बघू." प्रसूती म्हणजे कळा, आणि कळा नाहीत म्हणजे प्रसूती नाही, हे समीकरण इतके पक्के झालेले असते की पाणी जाणे ही स्वतंत्र आणि महत्त्वाची घटना आहे हेच ध्यानात येत नाही. मग सकाळ होते, दुपार होते, पाणी थेंबथेंब जातच राहते, आणि संध्याकाळी मुलीला थंडी वाजून ताप भरतो तेव्हा कुठे डॉक्टरांची आठवण होते.

पाणमोट म्हणजे मुलाभोवतीची दुपदरी, पातळ पण चिवट पडद्यांची पिशवी. तिच्यातल्या गर्भजलात मूल तरंगत असते. त्या पाण्यामुळे त्याला हातपाय हलवायला जागा मिळते, बाहेरचा धक्का बसत नाही, नाळ दाबली जात नाही आणि फुप्फुसांची वाढ नीट होते. आठव्या-नवव्या महिन्यात हे पाणी पाऊण ते एक लिटरपर्यंत भरते, पुढे थोडे कमी होते. पिशवी अखंड असते तोवर योनिमार्गातील जंतू आणि मूल यांच्यामध्ये ती भिंतीसारखी उभी असते. ती फुटली की भिंतीला भगदाड पडते. जंतू लगेच आत शिरतात असे नाही; पण जितके तास जातील तितकी त्यांना संधी वाढते. म्हणून कळा असोत वा नसोत, वेळ मोजायची ती पाणी गेल्या क्षणापासून.

इथे एका जुन्या भीतीचे निरसन केले पाहिजे. पाणी गेले की "सुके बाळंतपण" होणार, मूल आत कोरडे पडून अडकणार, असे अजूनही बोलले जाते. गर्भजल हे विहिरीत एकदाच साठवलेले पाणी नव्हे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते मुख्यतः मुलाच्या लघवीतून तयार होते आणि पाणमोट फुटल्यावरही तयार होतच राहते. काही तास पाणी गेल्याने मूल कोरडे पडत नाही. भीती बाळगायची ती जंतूंची.

चित्रपटांत दाखवतात तसा पाण्याचा लोट प्रत्येकीला येतो असे नाही. काहींना आत फट्‌ असा बारीक आवाज झाल्यासारखे वाटते आणि साडी, अंथरूण सारे भिजते. पण मुलाचे डोके खाली येऊन बसलेले असेल तर ते बुचासारखे काम करते. मग पाणी नुसते झिरपते, खोकल्यावर किंवा उठून उभे राहिल्यावर थोडे थोडे येते. अशा वेळी घोटाळा होतो तो लघवीशी. नवव्या महिन्यात मूत्राशयावर दाब असल्यामुळे शिंकताना लघवीचे दोन थेंब जाणे अगदी साधारण आहे. फरक असा की लघवी निदान क्षणभर तरी रोखून धरता येते, हे पाणी रोखता येत नाही. आणि लघवीचा वास ओळखीचा असतो, याला तसा वास नसतो. पांढरा स्राव असेल तर तो चिकट व दाट असतो; पाणी पाण्यासारखेच पातळ असते. प्रसूती जवळ आली की रक्ताची छटा असलेला शेंबडासारखा चिकट स्रावही जातो, त्यालाही पाणी समजू नये. शंका राहिलीच तर लघवी करून यावे, स्वच्छ पांढरी घडी ठेवून अर्धा तास डाव्या कुशीवर पडावे आणि मग उठून उभे राहावे. आत साठलेले पाणी पुन्हा भसकन येते, घडी ओली होते. एवढे करूनही निश्चित कळत नसेल तर घरी अधिक तर्क लढवू नयेत. प्रसूतिगृहात जाऊन "काही नाही, लघवीच आहे" असे ऐकून परत येणे यात कसलाही कमीपणा नाही.

आपण महाराष्ट्राबाहेर राहणारी माणसे. आपल्यासाठी इथे भाषेचीही एक अडचण आहे. मराठीत नवव्या महिन्यातली बाई "पाणी जातंय" म्हणाली की ऐकणारीला अर्थ कळतो. इंदूर-ग्वाल्हेरकडे हेच शब्दशः हिंदीत "पानी जा रहा है" असे फोनवर सांगितले, तर रात्रपाळीच्या परिचारिकेला ते "सफेद पानी", म्हणजे श्वेतप्रदराची नेहमीची तक्रार वाटू शकते. वडोदऱ्याकडेही "सफेद पाणी पडवुं" हा प्रयोग त्याच तक्रारीसाठी आहे. मग "कल सुबह दिखा देना" असे उत्तर मिळाले तर तिला फारसा दोष देता येत नाही. तेव्हा "पानी की थैली फट गई है" असे स्पष्ट सांगावे. हैदराबादकडे गर्भजलाला तेलुगूत "उम्मनीरु" म्हणतात, तो एक शब्द पाठ असला तरी काम भागते. आणि भाषा कोणतीही असो, पहिल्याच वाक्यात कितवा आठवडा चालू आहे, पाणी किती वाजता गेले आणि त्याचा रंग कसा आहे, या तीन गोष्टी सांगितल्या की समोरचे माणूस झोपेतूनही जागे होते.

रंग पाहण्यासाठीच घडी पांढरी हवी. पाणी नितळ, किंचित पिवळसर किंवा फिकट गुलाबी असेल तर ठीक. हिरवट अथवा तपकिरी असेल तर मुलाने आतच शी केली आहे. दिवस पूर्ण भरलेल्या मुलांत हे पुष्कळदा आढळते आणि दर वेळी त्यातून अनर्थ होतोच असे नाही, पण मूल गुदमरल्याचीही ती खूण असू शकते, म्हणून मग एक क्षणही घरी थांबू नये. लालभडक रक्त जात असेल, पाण्याला घाण वास येत असेल, ताप असेल, मुलाची हालचाल मंदावली असेल, आधीचे बाळंतपण शस्त्रक्रियेने झाले असेल, मूल पायाळू किंवा आडवे आहे असे डॉक्टरांनी सांगितले असेल, पोटात जुळी असतील, तर या सर्व प्रसंगी तातडीनेच निघावे. यांपैकी काही नसेल तर धावपळ नको, पण तयारीला लागावे. अंग भिजले असेल तर वरून पाणी घेऊन स्वच्छ करावे, टबात बसू नये, घडी बदलावी, कागद घ्यावेत आणि तासाभरात प्रसूतिगृह गाठावे.

काय करू नये, हे मात्र जरा सविस्तर सांगितले पाहिजे, कारण नुकसान होते ते बहुधा प्रेमापोटी केलेल्या उपचारांनीच. कळा याव्यात म्हणून एरंडेल पाजण्याची चाल अजून पुरती गेलेली नाही. त्याने उलट्या-जुलाब होऊन बाळंतीण ऐन वेळी थकून जाते. त्याहून भयंकर म्हणजे जवळच्या दवाखान्यातून कोणाकडून तरी "कळांचे इंजेक्शन" टोचून घेणे. हे औषध रुग्णालयात सलाइनमधून थेंब मोजून, मुलाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून दिले जाते. तेच एका दमात दंडात किंवा कमरेत टोचले तर गर्भाशय इतके आवळू शकते की मुलाला प्राणवायू मिळेनासा होतो, आणि प्रसंगी गर्भाशयच फाटते. आपल्या देशात या इंजेक्शनाने माता आणि मुले दोन्ही गेलेली आहेत. आणि तिसरी गोष्ट, सुईणीकडून किंवा कुणा जाणत्या बाईकडून "किती उघडलंय" हे आत हात घालून पाहून घेणे. ते मुळीच करू नये. आत बोट किंवा कापूस घालू नये, पतिपत्नींचा संबंध नको.

हे शेवटचे पथ्य इतके कडक का, याचे उत्तर व्हिएन्नातल्या एका प्रसूतिगृहात सापडते. तिथे इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरच्या लक्षात आले की ज्या विभागात वैद्यकीचे विद्यार्थी बाळंतिणींना तपासत, तिथे १८४६ साली शंभरात अकरांहून अधिक बाळंतिणी सूतिकाज्वराने दगावल्या. आणि ज्या विभागात फक्त सुईणी काम करीत तिथे तीनही नाही. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिकक्षात येत असत. १८४७ मध्ये त्याने सर्वांना क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि १८४८ साली मृत्यूंचे प्रमाण शंभरात दीडच्याही खाली आले. आज हातमोजे आहेत, प्रतिजैविके आहेत. तरीही तत्त्व बदललेले नाही. पाणमोट फुटलेल्या स्त्रीच्या आतून जितक्या तपासण्या होतात, तितका गर्भाशयात जंतुसंसर्ग होण्याचा धोका वाढतो. म्हणून जाणते डॉक्टरही कळा सुरू झाल्याखेरीज अशी तपासणी शक्यतो टाळतात. दर तासाला वेगळी व्यक्ती येऊन तपासू लागली तर "आत्ता ही तपासणी आवश्यक आहे का?" असे नम्रपणे विचारण्याचा अधिकार बाळंतिणीला आणि तिच्या आईला आहे, आणि तो त्यांनी संकोच न करता वापरावा.

एक आपत्ती मात्र विरळा असूनही प्रत्येक घराला ठाऊक हवी. मुलाचे डोके नीट खाली बसलेले नसेल तर पाण्याच्या लोटाबरोबर नाळ घसरून खाली येते. हजारात एक ते सहा प्रसूतींत असे घडते. योनिमार्गात किंवा बाहेर दोरीसारखे मऊ काही लागले, तर मुलाचा रक्तपुरवठा त्या क्षणी दाबला जात आहे असे समजावे. बाईने लगेच गुडघे आणि कोपर टेकून ओणवे व्हावे, डोके व छाती खाली आणि कंबर उंच. नाळ हाताळू नये, आत ढकलू नये. दुसऱ्याने तत्काळ १०८ वर फोन करावा आणि रुग्णालयाला "नाळ बाहेर आली आहे" हे आधीच कळवावे, म्हणजे शस्त्रक्रियेची तयारी होऊन राहील. गाडीत ओणवे राहणे जमले नाही तर डाव्या कुशीवर, कमरेखाली उशा घालून न्यावे. इथे मिनिटांचा हिशेब असतो.

एरवीचा प्रवासही स्कूटरवर मागे बसवून करू नये. मोटारीत किंवा रिक्षात घडी ठेवून आरामात बसावे, किंवा १०८ ची गाडी बोलवावी. ही सेवा २००५ साली हैदराबादेत सुरू झाली आणि आज मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक, गोवा अशी आपली माणसे जिथे जिथे आहेत त्या राज्यांत उपलब्ध आहे. सरकारी रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे आणि ने-आण ही २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली विनामूल्य आहेत.

प्रसूतिगृहात प्रथम पाणी खरेच गेले आहे का हे पाहतात. निर्जंतुक उपकरणाने योनिमार्ग किंचित उघडून आत पाणी साठले आहे का ते बघतात. गर्भजल अल्कधर्मी असल्याने त्याचा थेंब लागला की लाल लिटमस कागद निळा होतो. थेंब काचपट्टीवर वाळवून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर नेच्याच्या पानासारखी सुंदर नक्षी उमटलेली दिसते. सोनोग्राफीने आत किती पाणी उरले आहे ते कळते. मग मुलाचे ठोके, आईचा ताप आणि नाडी.

पुढचा प्रश्न असतो, कळा आणवायच्या की वाट पाहायची? दिवस भरलेले असतील तर दहापैकी सुमारे सहा जणींना चोवीस तासांच्या आत कळा आपोआप सुरू होतात. म्हणून पूर्वी वाट पाहण्याकडे कल असे. १९९६ साली सहा देशांतील ७२ रुग्णालयांतल्या ५,०४१ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काहींना लगेच औषधाने कळा आणवल्या, काहींच्या बाबतीत चार दिवसांपर्यंत वाट पाहिली. मुलांच्या जंतुसंसर्गात फरक पडला नाही, आणि औषधाने कळा आणवल्या म्हणून शस्त्रक्रियाही वाढल्या नाहीत. मात्र सलाइनमधून लगेच औषध दिलेल्या मातांत गर्भाशयाचा जंतुसंसर्ग शंभरात चार जणींना झाला, तर वाट पाहिलेल्यांत आठांहून अधिक जणींना. तेव्हा कळा आणवायला डॉक्टरांनी सांगितले की "पैशासाठी घाई करताहेत" असा तर्क लगेच करू नये. सर्व काही ठीक असेल आणि आईची इच्छा असेल तर काही तास, फार तर चोवीस तास, वाट पाहणेही गैर नाही. पण ती डॉक्टरांच्या नजरेखाली पाहावी. आणि केवळ पाणी गेले एवढ्या एका कारणासाठी पोट फाडावे लागत नाही, हेही लक्षात असू द्यावे. प्रतिजैविकांचेही तसेच. दिवस भरलेल्या प्रत्येकीला ती सरसकट देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितले आहे. ताप असेल किंवा जंतुसंसर्गाचे विशेष कारण असेल तर ती अवश्य द्यावीत.

सदतीस आठवड्यांपूर्वी पाणी गेले तर हा सगळा हिशेब बदलतो. शंभरात दोन-तीन गर्भवतींवर ही वेळ येते. मूल अपुऱ्या दिवसांचे, फुप्फुसे कच्ची; त्यामुळे आता घाई प्रसूतीची नसते, घाई असते ती योग्य रुग्णालय गाठण्याची. जिथे अपुऱ्या दिवसांच्या मुलांचा अतिदक्षता विभाग आहे, तिथे मूल पोटात असतानाच आईला न्यावे. जन्मलेल्या चिमुकल्या जिवाला दुलईत गुंडाळून एका शहरातून दुसऱ्या शहरात नेण्यापेक्षा ते केव्हाही सुरक्षित. चौतीस आठवड्यांच्या आत असेल आणि जंतुसंसर्ग, रक्तस्राव किंवा मुलाला त्रास नसेल, तर डॉक्टर प्रसूती होऊ न देता आईला दाखल करून घेतात, प्रतिजैविके देतात, आणि मुलाची फुप्फुसे पक्व व्हावीत म्हणून आईला इंजेक्शने देतात. या इंजेक्शनांचा शोध मोठा मनोरंजक आहे. न्यूझीलंडचे लिगिन्स मेंढ्यांवर प्रसूतीचे प्रयोग करीत असताना त्यांना दिसले की औषध दिलेली अपुऱ्या दिवसांची कोकरे, जी जगू नयेत, ती श्वास घेताहेत. त्यांनी बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्या साहाय्याने २८२ मातांवर हा उपचार करून पाहिला आणि १९७२ साली तो प्रसिद्ध केला. भारत सरकारने २०१४ पासून डेक्सामेथासोन हे त्याच जातीचे स्वस्त औषध दर बारा तासांनी एक अशा चार मात्रांत देण्याची पद्धत ठरवून दिली आहे, आणि मोठ्या रुग्णालयाकडे पाठवण्याआधी पहिली मात्रा आरोग्यसेविकेलाही देता येते. ती दिली का, एवढे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे.

अशा अवेळी पाणी गेले की घरात चौकशी सुरू होते: जिना चढलीस का, बादली उचललीस का, ग्रहणात बाहेर गेलीस का? कधी आधीचा जंतुसंसर्ग, कधी जुळी, कधी पाणी प्रमाणाबाहेर वाढणे, कधी तंबाखू अशी कारणे असतात, आणि पुष्कळदा कारण सापडतच नाही. बादलीने किंवा ग्रहणाने पाणमोट फुटत नाही. त्या मुलीला त्या रात्री आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत इथे आडवी येऊ शकते. सून पुण्याची, माहेर इंदूरचे. तपासण्या एका शहरात, प्रसूती दुसऱ्या शहरात. तेव्हा डोहाळजेवण आटोपले की शेवटच्या आठवड्यापर्यंत न थांबता मुलीला आणावे, आल्या आठवड्यातच नव्या डॉक्टरांना दाखवावे, आणि रक्तगट, सोनोग्राफी, मूल डोक्याकडून आहे की पायाकडून, हे सर्व कागद एका पिशवीत घालून ती दाराजवळच्या खुंटीला अडकवून ठेवावी. आगगाडीतच पाणी गेले तर १३९ वर कळवावे, पुढच्या मोठ्या स्थानकावर मदत मागावी. "आपले गाव आता तीनच तासांवर आहे" म्हणून दिवस न भरलेल्या मुलीला तसेच पुढे नेऊ नये.

मूल सुखरूप झाले तरी पाणी जाऊन बरेच तास लोटले असतील तर पहिले दोन दिवस त्याच्यावर विशेष नजर ठेवावी लागते. मूल दूध ओढत नसेल, मलूल पडले असेल, धाप लागत असेल, अंग गरम किंवा गार पडले असेल, तर परिचारिकेला त्याच क्षणी हाक मारावी. आईला १००.४ अंशांवर ताप आला, ओटीपोट दुखू लागले किंवा स्रावाला घाण वास आला, तर तो दुधाचा ताप म्हणून शेकशेगडीवर भागवू नये. आणि पुढच्या खेपेला, ते मूल चार वर्षांनी असो वा दुसऱ्या गावी, पहिल्याच तपासणीत डॉक्टरांना सांगावे: मागच्या वेळी कळांआधी पाणी गेले होते, अमुक आठवड्यात.